गॉगल कुठला घ्यायचा, त्याआधी ग्राइंडरचा गार्ड बसवा

नाशिकच्या एका गृहस्थांनी बंगल्याच्या गॅरेजमध्ये छोटं वर्कशॉप थाटलंय. चार इंची हँड ग्राइंडर, बेंच ग्राइंडर, ड्रिल आणि नुकतंच घेतलेलं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन. त्यांना नंबरचा चष्मा आहे. तोच पुरेल का, नाहीतर कुठला गॉगल घ्यायचा, पावसाळ्यात गॉगलवर वाफ धरते त्याचं काय करायचं, आणि बारा वर्षांचा मुलगा सारखा शेजारी येऊन उभा राहतो त्याला किती जवळ येऊ द्यायचं, असं त्यांनी विचारलंय. सोबत गॅरेजचा फोटो आहे. त्यात ग्राइंडरला गार्ड, म्हणजे डिस्कवरचं पत्र्याचं कवच, नाही.

माझी नोकरी चिंचवड-भोसरी पट्ट्यातल्या टूलरूममध्ये झाली, पुढे आयटीआयच्या मुलांना फिटिंग शिकवलं. त्यामुळे गॉगलचं नंतर, आधी त्या फोटोचं बोलतो.

चार इंची ग्राइंडर रिकामा फिरतो तेव्हा साधारण ११,००० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला तितके फेरे घेत असतो. १०० मिमी व्यासाच्या डिस्कची कड त्या वेळी सेकंदाला ५७ मीटर, म्हणजे ताशी २०० किलोमीटरच्या वर पळत असते. घासायची ६ मिमी जाड डिस्क शंभर ग्रॅमच्या आसपास भरते. ती फुटून पाव तुकडा सुटला, तर २५ ग्रॅमचा धारदार खडा सेकंदाला ३५ मीटरने निघतो. हिशेब मांडला तर ही ऊर्जा १५ ज्यूलच्या घरात जाते. आता गॉगलकडे बघा. युरोपच्या ईएन १६६ या मानकात ‘एफ’ खूण असलेल्या चष्म्याची चाचणी घेताना ६ मिमीची, ०.८६ ग्रॅम वजनाची पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटरने मारतात. ती ऊर्जा एक ज्यूलही भरत नाही. बंद गॉगलला ‘बी’ खूण मिळू शकते, तिथे गोळीचा वेग १२० मीटर, म्हणजे सहा ज्यूलच्या जरा वर. फक्त तोंडभर शील्डला मिळणारी ‘ए’ खूण १९० मीटरची. ती कशीबशी त्या तुकड्याच्या बरोबरीला येते. तरी गळा उघडाच, आणि डिस्कचा तुकडा काही गोळीसारखा गोल नसतो.

थोडक्यात, गॉगल कीस, ठिणग्या आणि बारीक कण अडवतो. डिस्कचा तुकडा गार्डच अडवतो. म्हणून तो गार्ड खोक्यातून शोधून काढा आणि बसवा. त्याचं तोंड असं फिरवा की डिस्क आणि तुमचा चेहरा यांच्यामध्ये पत्रा आला पाहिजे. गार्ड का काढला जातो ते मला ठाऊक आहे. कोपऱ्यात पोचत नाही, मोठी डिस्क बसत नाही, नाहीतर मिस्त्रींनी काढलेला पाहिला म्हणून आपणही काढला. कोपऱ्यात पोचत नसेल तर तेवढ्या जागी कानस चालवा. मोठ्या डिस्कचं तर अजिबात करू नका. सात इंची डिस्क झिजून लहान झाली की काही जण ती चार इंचीवर चढवतात. तिच्यावर ८,५०० आरपीएमची मर्यादा छापलेली असते, आणि मशीन ११,००० वर फिरतं. लाकूड कापायचं दातेरी ब्लेड हँड ग्राइंडरला लावणं हा आणखी एक प्रकार. ते लाकडात अडकलं की मशीन हातातून उसळून अंगावर येतं. दोन्ही हातांनी कितीही घट्ट धरा, तिथे ताकद उपयोगाची नाही.

डिस्क हातात घेऊन एकदा नीट बघा. मधल्या भोकाभोवती पत्र्याची कडी असते. चांगल्या डिस्कच्या कडीवर महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं, ती तिची मुदत. साधारणपणे बनवल्यापासून तीन वर्षं धरतात. डिस्कमधले खडे राळेने बांधलेले असतात आणि ती राळ दमट हवेत हळूहळू कमकुवत होते. नाशिकच्या पावसाळ्यात गॅरेजच्या जमिनीवर पडून राहिलेली डिस्क आणि कपाटात कोरडी ठेवलेली डिस्क यांत फरक पडतो. हातातून फरशीवर पडलेली डिस्क, चीर दिसो न दिसो, टाकून द्या. तीस-चाळीस रुपयांसाठी विचार करत बसू नका. नवी डिस्क चढवली की तोंड बाजूला ठेवून अर्धा मिनिट रिकामी फिरवा. फुटायची असेल तर बहुतेक वेळा तेव्हाच फुटते. आणि १ मिमीच्या कटिंग डिस्कने कडेने घासू नका. ती सरळ कापण्यापुरती बनवलेली असते, आडवा दाब तिला सोसत नाही. पाइप कापताना तो असा पकडा की कापलेला तुकडा मोकळा खाली पडेल. दोन्ही टोकं टेकवलेली असतील तर मधला काप मिटतो आणि डिस्क आवळली जाते.

आता नंबरचा चष्मा. तो पुरत नाही. भिंग काचेचं असेल तर फुटून तीच काच डोळ्यात जाते. साध्या प्लास्टिकचं असेल तर तेही जोराच्या फटक्याने तडकतं. पॉलिकार्बोनेट या चिवट प्लास्टिकचं करून घेतलं असेल तर भिंग टिकेल, पण साधी फ्रेम ते धरून ठेवेलच असं नाही. फटका बसला की अख्खं भिंग मागे डोळ्यावर येऊ शकतं. आणि बाजू तर उघड्याच. ग्राइंडरचे कण नाकासमोरून सरळ क्वचित येतात. ते कामावर आपटून, छातीवरून उसळून, गालाच्या बाजूने वर सरकतात. तुम्हाला चष्म्यावरून घालायचा मोठ्या आकाराचा पॉलिकार्बोनेट गॉगल लागेल, नाहीतर चष्मेवाल्याकडून खास सेफ्टी फ्रेममध्ये नंबर बसवून घ्यावा लागेल. रोज तासन्‌तास काम करणार असाल तर दुसरा पर्याय घ्या, पैसे वसूल होतात. शनिवार-रविवारचंच काम असेल तर पहिला पुरे.

दुकानात दोरीला लटकवलेले गॉगल असतात, त्यांतल्या बऱ्याच जणांवर काहीच छापलेलं नसतं. ते सोडून द्या. काडीवर किंवा भिंगाच्या कडेला बारीक अक्षरं शोधा. अमेरिकी मानकाचा असेल तर झेड ८७ आणि त्यापुढे अधिकचं चिन्ह हवं. त्या अधिकच्या चिन्हाचा अर्थ असा की पाव इंची पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटरने मारून आणि ५०० ग्रॅमचं टोकदार वजन १२७ सेंटीमीटरवरून टाकून तो पारखलेला आहे. युरोपचा असेल तर १६६ आणि एफ किंवा बी. आपल्याकडचं मानक आयएस ५९८३. अशा खुणांचा साधा गॉगल शंभर-दोनशे रुपयांत मिळतो, त्यामुळे महागाईची सबब चालत नाही. करोनाच्या दिवसांतली फेस शील्ड घरात पडलेली असतील तर ती ग्राइंडरपुढे घालू नका. ते थुंकीचे थेंब अडवायला केलेले पातळ प्लास्टिकचे पडदे आहेत.

घेण्याआधी दुकानातल्या आरशासमोर गॉगल घाला आणि कामावर वाकता तशी मान खाली घाला. बरेच गॉगल ताठ उभं राहिलं की घट्ट बसतात आणि वाकलं की नाकावरून घसरतात. भुवई आणि गॉगल यांच्यामधल्या फटीत करंगळी शिरत असेल तर दुसरा बघा. गालाच्या बाजूला तेच. वर हात करून छताला भोक पाडायचं असेल तर मात्र असा गॉगल कितीही चांगला असला तरी कमी पडतो, कारण सगळा चुरा वरून खाली येतो. तिथे रबरी कडा असलेला, पट्ट्याचा बंद गॉगल हवा. बॅटरीच्या पाण्यालाही तोच, आणि त्याची हवा यायची भोकं सरळ नसून आडवळणाची असावीत, म्हणजे थेंब आत येत नाही. ग्राइंडरवर गॉगलच्या वरून तोंडभर पॉलिकार्बोनेट शील्ड घ्या. नुसतं शील्ड नको; त्याच्या खालून कण बिनदिक्कत शिरतात.

वाफेचं म्हणाल तर ती बहुतेक वेळा तुमच्याच श्वासाची असते. तोंडाला रुमाल बांधला की श्वास नाकाच्या कडेने वर गॉगलमध्ये जातो. आधी एन ९५ मास्क लावा, नाकावरची पट्टी दाबून घट्ट करा, मग गॉगल चढवा. झडप असलेला मास्क घेतलात तर श्वास खाली जातो आणि निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. कपाळाला घामाची पट्टी बांधा. भिंगावर भांड्यांच्या साबणाचा एक थेंब बोटाने फिरवून पुसून टाका, तासभर वाफ धरत नाही. पंखा पाठीमागून तिरका लावा, समोरून लावलात तर सगळा कीस तुमच्याच तोंडावर येईल. आणि गॉगल कोरड्या फडक्याने पुसू नका. त्यावरचे लोखंडाचे कण भिंगावर ओरखडे काढतात, दोन महिन्यांत समोरचं धूसर दिसायला लागतं, मग माणूस गॉगल कपाळावर सरकवून काम करतो. नळाखाली धरायचा, ओला पुसायचा. थिनर किंवा ॲसिटोन लावलं तर पॉलिकार्बोनेटला बारीक चिरा पडतात आणि त्याची ताकदच जाते.

गॉगल ग्राइंडरच्याच वायरीला अडकवून ठेवा. ‘एकच कट मारायचाय’ असं म्हणत केलेल्या कामात डोळ्यात कण गेलेली माणसं मी जितकी पाहिली, तितकी दिवसभराच्या कामात नाही पाहिली. वायर हातात घेतली की गॉगल हातात आलाच पाहिजे.

बेंच ग्राइंडर दिसायला गरीब असतो, पण त्याच्या दोन फटी दर महिन्याला बघायच्या. काम टेकवायचा टेकू आणि चाक यांच्यातलं अंतर ३ मिमीपेक्षा जास्त नको, आणि कवचाच्या वरच्या तोंडाशी असलेली पट्टी, म्हणजे जीभ, चाकापासून ६ मिमीच्या आत हवी. चाक झिजलं की ही अंतरं वाढतात आणि बारीक काम टेकू-चाकाच्या मध्ये ओढलं जातं. नवं चाक बसवण्याआधी मधल्या भोकातून बोट घालून लटकवा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच ठोका. चांगलं चाक खणकन वाजतं, तडा असेल तर आवाज बद येतो. त्याच्यावर ॲल्युमिनियम घासू नका, खड्यांमधल्या जागा भरून चाक तापतं. सुरू केल्यावर मिनिटभर बाजूला उभे राहा. आणि हातमोजे इथे नकोत, ड्रिल मशीनवरही नकोत. फिरत्या वस्तूत मोज्याचा धागा अडकला की पाठोपाठ बोट जातं. हाच नियम लांब बाह्या, गळ्यातला गोफ आणि अंगठी यांना.

छिन्नी-हातोडा सगळ्यांत साधं म्हणून त्याला कोणी गॉगल लावत नाही, आणि डोळ्याच्या आत लोखंड जायचं ठराविक कारण तेच. ठोकून ठोकून छिन्नीचं डोकं फुलतं, कडा बाहेर वळतात, त्यातली एक कपची सुटते. बुबुळावरची पारदर्शक पटल अवघी अर्धा मिलिमीटर जाड. तापलेल्या सुईसारखी ती कपची आत शिरते आणि मागे भोकही धड दिसत नाही. फुललेलं डोकं ग्राइंडरवर वेळच्या वेळी घासून टाका. हातोड्यावर हातोडा कधीही मारू नका. दोन्ही तोंडं कडक पोलादाची असतात.

वेल्डिंगचं वेगळं. तिथे उडणारे कण हा दुय्यम धोका, मुख्य धोका अतिनील किरणांचा. काडीच्या वेल्डिंगला १० किंवा ११ नंबरची काळी काच लागते. हिरव्या काचेचा गोल गॉगल गॅस कटिंगसाठी असतो, आर्कला, म्हणजे वेल्डिंगच्या विजेच्या झोताला, नाही. उन्हाचा गॉगल तर विसराच. आपोआप काळं होणारं हेल्मेट घेतलंत तर सुरू करण्याआधी उन्हाकडे किंवा लायटरकडे बघून ते काळं होतं का ते तपासा. वेल्डिंग डोळ्यांना लागलं की त्या क्षणी काही कळत नाही. सहा ते बारा तासांनी, म्हणजे बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं, पाणी थांबत नाही, दिवा सहन होत नाही. साधारण एक ते तीन दिवसांत बरं होतं, पण डॉक्टरांना दाखवा. शेडमध्ये डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवतात. गार वाटतं, त्यापलीकडे काही नाही, आणि कच्च्या चकतीचा कचरा डोळ्यात नको. डोळा बधिर करायचे थेंब कोणी घरी दिले तर घेऊ नका. दुखणं थांबतं, पण जखम भरत नाही आणि पटल कायमचं बिघडू शकतं. गॅरेजची भिंत पांढरी चुन्याची असेल तर आर्क तिच्यावरून परावर्तित होऊन हेल्मेटच्या मागूनही येतो. एका बाजूला प्लायचा आडोसा उभा करा.

काम संपल्यावरचा एक मिनिट मला फार महत्त्वाचा वाटतो. गॉगल घालून दोन तास घासलं, एकही कण डोळ्यात गेला नाही, आणि गॉगल काढून कपाळ पुसलं की भुवईतला, केसांतला कीस डोळ्यात उतरतो. म्हणून गॉगल तसाच ठेवून पुढे वाका, केस आणि भुवया झटका, ओल्या फडक्याने कपाळ पुसा. मग डोळे मिटून गॉगल पुढच्या दिशेने काढा. कंप्रेसरच्या हवेने अंग झटकायची सवय असेल तर मोडा.

तरीही गेलाच कण तर चोळू नका. स्वच्छ पाण्यात डोळ्याची उघडझाप करा. पापणीखालचा कण बहुतेकदा निघून जातो. पण बुबुळावर रुतलेला असेल तर तो काढायचा उद्योग घरी नाही. प्रत्येक शेडमध्ये काडीपेटीच्या काडीने किंवा रुमालाच्या टोकाने कण काढणारा एक उस्ताद असतो, त्याच्याकडे तर अजिबात नको. लोखंडाचा कण एका दिवसात भोवती गंजाचं कडं धरतो आणि मग कण निघाला तरी कडं खरवडावं लागतं. नेत्रतज्ज्ञांकडे स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर, हनुवटी टेकवायची, बधिर करणारा थेंब पडतो, सुईच्या टोकाने कण उचलतात. दुखत नाही, फक्त सुई डोळ्यासमोर येताना दिसते आणि मान मागे घ्यायचा मोह होतो. तो आवरा.

हातोडा मारताना किंवा डिस्क फुटून काही लागलं असेल, नजर धूसर झाली असेल, बाहुलीचा आकार बदललेला दिसत असेल, तर डोळा धुऊ नका, दाबू नका. कागदी कप डोळ्यावर उपडा असा ठेवा की कड भोवतीच्या हाडावर टेकेल आणि डोळ्याला काही लागणार नाही, त्यावर चिकटपट्टी लावा आणि डोळ्याच्या शस्त्रक्रिया होतात अशा रुग्णालयात जा. दुखणं किरकोळ आहे म्हणून सकाळची वाट बघू नका. डॉक्टरांना ‘लोखंडावर लोखंड मारत होतो’ हे शब्द आवर्जून सांगा, कारण आत लोखंड असल्याचा संशय असेल तर एमआरआय करायचा नसतो.

बॅटरीचं ॲसिड, चुना किंवा ड्रेनेज साफ करायची पावडर गेली तर उलट. तिथे डॉक्टर नंतर, पाणी आधी. नळाखाली पापण्या बोटांनी उघड्या धरून किमान १५ ते ३० मिनिटं धुवा. चुना ॲसिडपेक्षा वाईट. तो आत मुरत जातो, त्यामुळे पापणीखाली अडकलेले त्याचे खडे पाण्याने निघाले पाहिजेत. घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी भरतानाही बंद गॉगल घाला. चार्ज होताना त्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून ठिणगी उडेल असं काही जवळ नको. टर्मिनल काढताना वजा आधी, लावताना वजा शेवटी.

फोटोत ग्राइंडरच्या मागे स्कूटर उभी दिसते. ठिणग्या दहा-अकरा मीटरपर्यंत जाऊ शकतात आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. गाडी बाहेर काढा, मगच स्विच दाबा. काम संपल्यावर अर्धा तास गॅरेज सोडून जाऊ नका. भुशात पडलेली ठिणगी धुमसत राहते. ब्रेक साफ करायच्या काही स्प्रेमध्ये क्लोरीन असलेले द्रव असतात. त्यांनी पुसलेल्या भागावर वेल्डिंग केलं तर विषारी वायू तयार होतो, म्हणून डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपवर वेल्डिंग करायचं तर आधी मुलामा घासून काढा, नाहीतर रात्री थंडी वाजून ताप भरतो. अळशीच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नका, त्या आपोआप पेटतात, पसरून वाळवा. आणि गॅरेजच्या लाइनवर ३० मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच, नसेल तर वायरमनला बोलावून घ्या.

राहिला मुलगा. ग्राइंडर आणि वेल्डिंग चालू असताना तो दाराच्या बाहेर, आणि दार ओढून घेतलेलं. डिस्कच्या फिरण्याच्या रेषेत कोणीच उभं राहायचं नाही, मोठं माणूसही नाही. ड्रिलवर त्याला शेजारी उभं राहू द्यायला हरकत नाही, पण त्याचा स्वतःचा गॉगल हवा. मोठ्या माणसाचा गॉगल मुलाच्या चेहऱ्यावर सैल बसतो, लहान मापाचे मिळतात ते घ्या. त्याला खरंच हात चालवायचा असेल तर व्हाइसमध्ये, म्हणजे बाकावरच्या शिकंज्यात, माइल्ड स्टीलच्या पट्टीचा तुकडा धरा आणि कानस हातात द्या. गुण्या, म्हणजे काटकोनी पट्टी, लावून उजेडाकडे धरल्यावर फट दिसता कामा नये इतकी कड सरळ करायची. आयटीआयमध्ये पहिले काही आठवडे आम्ही हेच करून घेतो. हॅकसॉ त्यानंतर, आणि हॅकसॉलाही गॉगल, कारण ताणलेलं ब्लेड तुटलं की तुकडा कुठे जाईल ते सांगता येत नाही.